पोळ्याचा पाहुणा

एक सोपा प्रश्न विचारतो. बैलाला पोटं किती?

"चार!" असं तुम्ही लगेच ओरडून सांगाल. सहावीच्या परीक्षेत मीही हेच लिहिलं होतं आणि गुरुजींनी पूर्ण गुण दिले होते. पण पुढच्याच वर्षी, १९९१च्या पोळ्याला, मी असा काही उद्योग करून ठेवला की ते गुण मला अजूनही टोचतात. काय झालं, ते सांगतो.

आमचं गाव नेकनूर. बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. इथला जनावरांचा बाजार मराठवाड्यात नावाजलेला. बाजाराच्या दिवशी बैल, गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या आणि माणसं यांची नुसती झुंबड उडते. त्या बाजारात हिंडतच मी लहानाचा मोठा झालो. व्यापारी बैलाचा जबडा उघडून दात मोजायचे आणि वय सांगायचे : हा दोन दाती, हा चार दाती. मीही डोकावून बघायचो. एक गोष्ट तेव्हाच कळली होती. बैलाचे पुढचे दात फक्त खालीच असतात. वर दात नाहीतच, नुसती जाड, कडक हिरडी! खोटं वाटत असेल तर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन एखाद्या गरीब गाईचं तोंड बघा.

याच बाजारातून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लाल कंधारी बैलांची जोडी आणली होती. एकाचं नाव सोन्या, दुसऱ्याचं गुलब्या. गुलब्या जरा तापट. सोन्या मात्र इतका गरीब, की मी त्याच्या पाठीला पाठ टेकून अभ्यास करायचो.

दिवाळीच्या आसपास दादा आणि माय बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जायचे. पार सांगली-कोल्हापूरकडे. आमच्या भागातली हजारो माणसं जायची आणि अजूनही जातात. मी आजीजवळ राहायचो. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असायची आणि ती उसाच्या मोळ्या वाहून फेडायची असायची. तेव्हा सोन्या-गुलब्या हे आमचे नुसते बैल नव्हते. घराचा सगळा हिशोब त्यांच्या खांद्यावर होता.

आता पोळ्याचं. आमच्याकडे श्रावणी अमावास्येला पोळा असतो. आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे मळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं, अगदी पाहुण्याला देतात तसं. दुसऱ्या दिवशी नदीवर अंघोळ, शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळा, कपाळाला बाशिंग. मिरवणूक झाली की घरी ओवाळणं आणि पुरणपोळीचा घास. मायनं दोघांना एकेक पोळी भरवली आणि पुढ्यात हिरवा चारा टाकला.

रात्री सगळे झोपले. मला मात्र झोप येईना. आता थोड्याच दिवसांत सोन्या जाणार. सहा महिने उसाच्या फडात राबणार. आणि आज त्याचा सण असून त्याला मिळालं काय, तर एक पोळी? मी गुपचूप उठलो. घरात ज्वारीचा भरडा होता. दोन पायल्या भरडा पाटीत घेतला. (पायली म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप. माझ्या पाटीत सात-आठ किलो तरी भरडा असेल.) त्यात उरलेलं पुरण कालवलं, वर गुळाचे खडे टाकले आणि पाटी सोन्यापुढे ठेवली. त्यानं ती चाटूनपुसून साफ केली. माझा हात चाटला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

सकाळी दादांच्या हाकेनं जाग आली. सोन्या बसून होता. उठवला तरी उठेना. कान पडलेले, डोळे निस्तेज. दात करकर खात होता. शेण पातळ, फेसाळ आणि त्याला आंबूस वास. रवंथ तर बंदच.

दादा जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी सोन्याच्या डाव्या भकाळीला, म्हणजे बरगड्यांच्या मागच्या खळग्याला, नळी लावली. घड्याळाकडे बघत बराच वेळ ऐकलं. मग तिथंच मूठ दाबली. आतून खळखळ असा आवाज आला, भरलेली पखाल हलवावी तसा.

"काय खाल्लंय यानं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दरसालसारखंच, सायब. एक पोळी आन् चारा," दादा म्हणाले.

"नाही. आणखी काहीतरी आहे. विषबाधा आहे की धान्य जास्त झालंय, ते कळल्याशिवाय नेमकं औषध कसं देऊ?"

मी दाराआड उभा होतो. सगळं ऐकत होतो. तोंड उघडलं तर मार बसणार हे ठाऊक होतं. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते. एंड्रिन, युरिया असलं काही पोटात गेलंय का? कोवळी ज्वारी खाल्ली का? दादा पाटीपासून औषधाच्या डब्यापर्यंत सगळं तपासत होते. असा किती वेळ गेला, कोण जाणे. मग सोन्यानं मान जमिनीवर टाकली आणि मी रडतच बाहेर आलो.

"म्या घातला भरडा. राती. पाटीभर."

दादांनी हात उगारला नाही. ते मटकन खाली बसले आणि एवढंच म्हणाले, "मंग आधी का न्हाई सांगितलंस, बाळा?"

डॉक्टरांनी मात्र एक क्षणही दवडला नाही. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नळीनं सोन्याच्या पोटात सोडला. लिंबाच्या फांदीला सलाईनच्या बाटल्या टांगल्या. बाटलीतून थेंब थेंब पडत होते, तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवलं. माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी विचारलं, "बैलाला पोटं किती?"

"चार," मी हुंदके देत म्हणालो.

"पोट एकच. कप्पे चार. आणि पहिल्या कप्प्यात कोण राहतं, ते सांग बरं."

राहतं? पोटात कोण राहणार? हा प्रश्न पुस्तकाखाली कधीच छापलेला नव्हता!

डॉक्टरांनी त्या दिवशी जे सांगितलं, त्यात मी पुढे वाचलेलं थोडं घालून तुम्हाला सांगतो.

पहिला कप्पा म्हणजे कोठीपोट. नाव किती योग्य आहे बघा. धान्याची कोठी असते तसाच हा. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. बैल चरताना नीट चावत नाही. भराभर ओरबाडतो आणि कोठीत टाकतो. मग सावलीला बसून तोच चारा गोळ्या-गोळ्यांनी परत तोंडात आणतो आणि निवांत चावतो. हेच रवंथ. दिवसातले सात-आठ तास त्याला रवंथच लागतो.

दुसरा कप्पा जाळीपोट. आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. चाऱ्याबरोबर गिळलेली तार किंवा खिळा इथंच अडकतो. आणि त्याच्या अगदी पुढेच काळीज असतं, म्हणून एखादी तार काळजात घुसून जनावर दगावतं. तिसरा कप्पा पडदेपोट. पुस्तकाच्या पानांसारख्या पडद्यांचा, पाणी शोषून घेणारा. आणि चौथा तो खरा, आपल्या पोटासारखा, आम्ल आणि पाचक रस सोडणारा.

आता खरी गंमत. कडबा, गवत, पाला यांत सेल्युलोज नावाचा पदार्थ असतो. कागदही त्याचाच. तो तोडायची कात्री, म्हणजे तसा पाचक रस, आपल्या शरीरात तयार होत नाही. आणि बैलाच्याही नाही! मग बैल कडब्यावर जगतो कसा? त्यानं कोठीपोटात भाडेकरू ठेवलेत. डोळ्यांना न दिसणारे जंतू. कोठीपोटातल्या एका चमचाभर पाण्यात ते इतके असतात, की जगातली सगळी माणसं मोजली तरी कमी पडतील. बैल त्यांना राहायला ऊबदार जागा देतो, वेळेवर चारा देतो आणि लाळ देतो. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळते आणि त्या लाळेत खाण्याच्या सोड्याचाच अंश असतो. जंतू सेल्युलोज तोडतात. त्यातून व्हिनेगरच्या जातीची सौम्य आम्लं तयार होतात आणि ती कोठीच्या भिंतीतून थेट रक्तात जातात. सोन्या उसाची गाडी ओढायचा, त्यातली निम्म्याहून जास्त ताकद या आम्लांची. शिवाय हे जंतू चाऱ्याबरोबर चौथ्या कप्प्यात वाहत जातात आणि तिथं स्वतःच पचतात. बैलाला प्रथिनं मिळतात ती मुख्यतः अशी.

म्हणजे आपण बैलाला खाऊ घालत नाही. आपण त्याच्या भाडेकरूंना खाऊ घालतो आणि ते बैलाला पोसतात.

"मग मी घातलं, ते त्यांनी का खाल्लं नाही?" मी विचारलं.

"खाल्लं ना! चुकीच्या जंतूंनी खाल्लं," डॉक्टर म्हणाले. "तुझी माय दुधाला विरजण लावते तेव्हा काय होतं?"

"दही."

"दह्यातले जंतू दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. तसलेच जंतू सोन्याच्या कोठीतही थोडे असतात. रोज कडबा असतो, म्हणून त्यांची फार वाढ होत नाही. काल त्यांना गूळ, पुरण आणि भरडा एवढं सगळं एकदम मिळालं. एका रात्रीत ते माजले. लाळेतला सोडा पुरा पडला नाही. सगळी कोठी आंबली. कडबा खाणारे जंतू त्या आंबटात मेले. कोठीनं अंगातलं पाणी ओढून घेतलं, म्हणून ती खळखळ वाजली. आणि आम्ल रक्तात गेलं, म्हणून हा असा पडला."

मला वाटलं होतं, मी त्याला मेजवानी दिली. आम्ही पाहुण्याला आवतण दिलं होतं खरं, पण त्याच्या पोटाला काय चालतं, ते मी विचारलंच नाही. मला जे गोड लागतं, ते त्याला वाढलं.

संध्याकाळपर्यंत सोन्या तसाच पडून होता. मायनं चूल पेटवली नाही. उचलीचे पैसे बी-बियाण्याला आणि आजीच्या औषधाला कधीच संपले होते. नवा बैल घ्यायचा तर कशानं? हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण मला ऐकू येत होतं. रात्री दादा त्याच्या उशाशी बसले. मीही जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं दादा म्हणाले, "घालायचं तर इचारून घालावं. त्याला बोलता येत न्हाई. तुला येतंय की."

पहाटे सोन्या उठून उभा राहिला. डॉक्टर पुन्हा आले, पण खूश झाले नाहीत. म्हणाले, "आंबटपणा गेला, पण कोठी रिकामी आहे. भाडेकरू नाहीत. आता विरजण लावायचं."

आणि मग त्यांनी जे केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. गुलब्या रवंथ करत होता. त्याच्या गळ्यातून घास वर आल्याचं दिसलं. डॉक्टरांनी चपळाईनं त्याच्या तोंडात हात घातला आणि तो हिरवागार घास काढून घेतला. तापट गुलब्यानं नुसतं डोकं झटकलं. असे पाच-सहा घास जमा झाले. ते कोमट पाण्यात कालवले, फडक्यानं गाळले आणि नळीनं सोन्याला पाजले. गुलब्याच्या पोटातले भाडेकरू सोन्याच्या पोटात राहायला गेले!

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गोठ्यात बसलो होतो. सोन्याच्या गळ्यातून एक गोळा वर सरकला आणि त्याचा जबडा हलू लागला. मी मोजत होतो. एक, दोन, तीन... बेचाळीस वेळा चावून त्यानं तो गिळला. मी ओरडत रानात पळालो. "दादा, सोन्या रवंथ करायलाय!"

काही दिवस त्याचे खूर दुखत होते. पोट आंबलं की त्याचा त्रास खुरांपर्यंत जातो. पण दिवाळीपर्यंत तो सुधारला आणि गुलब्याच्या जोडीनं जुवाखाली गेला.

तेव्हापासून बाजारात माझी नजर दातांवरून पोटावर गेली. बघाल तर प्रत्येक जनावराचं स्वयंपाकघर वेगळं.

घोडा आणि गाढव गवतच खातात, पण रवंथ करत नाहीत. त्यांचं पोट साधं आणि लहान. त्यांचे भाडेकरू राहतात मागच्या बाजूला, मोठ्या आतड्यात. तिथपर्यंत पोचलेला चारा पुन्हा चावायला आणता येत नाही. म्हणून घोड्याच्या लिदीत गवताच्या काड्या स्पष्ट दिसतात आणि बैलाचं शेण मात्र मऊ असतं. शेळीही रवंथ करणारी, पण ती चोखंदळ. आमच्याकडची उस्मानाबादी शेळी बाभळीच्या काट्यांमधून नेमका कोवळा पाला ओठांनी खुडून घेते.

कोंबडीला दात नाहीत, तरी ती ज्वारीचे अख्खे दाणे गिळते. दाणे आधी गळ्याखालच्या पिशवीत भिजतात. मग पिळदार स्नायूंच्या पोटात जातात. तिथं कोंबडीनं मुद्दाम टिपलेले खडे असतात. पोट आवळलं की खड्यांमध्ये दाणे भरडले जातात. पोटातलं जातंच ते! आमच्या जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ साली जाहीर झालेलं. तिथले मोरही असंच जातं घेऊन हिंडतात.

मांजर मांस खाणारं. मांस पचायला सोपं, म्हणून त्याचं आतडं आखूड, अंगाच्या लांबीच्या चारेक पट. मेंढीचं मात्र पंचवीस पटीच्या आसपास. कुत्रा खरा लांडग्याच्या कुळातला, पण माणसाजवळ राहून बदलला. २०१३ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की धान्यातला स्टार्च पचवण्याची कुत्र्याची तयारी लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून आपला मोती भाकरी पचवतो. पण हा बदल व्हायला हजारो वर्षं लागली, एका पोळ्याची रात्र नव्हे.

भाडेकरूंची आणखी एक गोष्ट सांगतो. सुबाभूळ तुम्ही पाहिली असेल. तिच्या पाल्यात मिमोसीन नावाचं द्रव्य असतं. ऑस्ट्रेलियात जनावरांनी हा पाला फार खाल्ला की त्यांचे केस गळायचे. पण हवाई बेटांवरच्या शेळ्या तोच पाला मजेत खायच्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाला शंका आली, की फरक शेळ्यांत नसून त्यांच्या पोटातल्या जंतूंत असेल. त्यांनी हवाईच्या शेळ्यांच्या कोठीपोटातलं पाणी ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिलं आणि तीही सुबाभूळ पचवू लागली! १९९२ साली त्या जंतूला जोन्स यांचंच नाव मिळालं : सिनर्जिस्टीस जोन्सी. हे वाचलं तेव्हा मला आमचा गुलब्या आठवला.

भाडेकरूंना सवय लागायला वेळ लागतो. म्हणून चारा बदलायचा तर हळूहळू, दहा-पंधरा दिवसांत. ऊसतोडीला गेलेल्या बैलांना उसाचे वाढे मिळतात. २०१८-१९च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या, तिथंही जनावरांपुढे ऊस पडला. जाणते शेतकरी अशा वेळी वाळका कडबा आणि वाढे मिसळून देत आणि कडब्याचा वाटा रोज थोडा कमी करत. त्यांनी जंतू पाहिले नव्हते, पण जनावर पाहिलं होतं.

आता तुमच्यासाठी, आणि हे वाचणाऱ्या तुमच्या आई-बाबांसाठीही. लग्नातलं उरलेलं अन्न, शिळा भात, पोळ्यांचा ढीग गाईपुढे ओतला की आपल्याला पुण्य लागल्यासारखं वाटतं. तिच्या कोठीत काय होतं, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. आणि ते अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकलं, तर गाय पिशवीसकट गिळते. ती पिशवी कुठलाच जंतू पचवत नाही.

पोळा जरूर करा. आवतण द्या, शिंगं रंगवा, ओवाळा. पुरणपोळीचा एक घास मानाचा. मग पेंढीभर हिरवा चारा आणि स्वच्छ पाणी. आणि कधी चुकून जास्त खायला घातलंच, तर दाराआड उभं राहू नका. लगेच सांगा. तो वेळ फार मोलाचा असतो.

आमच्या गोठ्यात आता सोन्याही नाही आणि गुलब्याही नाही. पण कुठं एखादं जनावर सावलीला बसलेलं दिसलं, की मी अजून थांबतो आणि मोजतो. तुम्हीही मोजून बघा. एका घासाला किती वेळा चावतं ते. माझ्या सोन्याचा आकडा बेचाळीस होता.